निलम्मा आणि पाढ्यांचा गलका

१९ नोव्हेंबर १९७९
पुन्हा तेच! माझी निलम्मा मधल्या सुट्टीआधीच शाळेतून घरी. दोन्ही कानांवर हात, गळपट्टीचं बटण तोडलेलं. दप्तर आणणाऱ्या पोरीबरोबर किशनराव मास्तरांचा निरोप — "बहिरी हाय का मगरूर, ते तरी सांगा."

२२ नोव्हेंबर
परभणीला कानाच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पाठीमागून हळूच विचारलं, "पेढा आवडतो का गं?" "न्हाई. हाताला चिकटतो." कान ठणठणीत! म्हणाले, ऐकू सगळं येतं; पण गलक्यातून एकाचं बोलणं वेगळं काढता येत नाही. औषध नाही. एकेकानं, सावकाश बोला.
मी वार्ताहर. 'तज्ज्ञांचे मत' म्हणून बातमी छान झाली असती. बापाचं एवढ्यानं भागत नाही.

२६ नोव्हेंबर
शाळेत गेलो. पत्र्याची एकच खोली, त्यात तीन वर्ग, तीन पाढे एकदम. तेरा, सतरा आणि एकोणीस यांचं तुंबळ युद्ध! मलाच काही कळेना. म्हणालो, एकेकाकडून म्हणवून घ्या की.
मास्तर — "स्वामी, वरडल्याबिगर पाढा डोक्यात बसत न्हाई. हिचं बघून बाकीची बी गप व्हायलीत. तपासणीला साहेब येणार हायेत, त्याच्या आत नाव काढून न्या."
नाव काढलं की पोरगी घरी. घरी म्हणजे चुलीपाशी. कायमची.

२७ नोव्हेंबर
विचारात दोनदा चहा उतू घालवला. बायको, उमादेवी — "तुमी बातम्या लिवा. चुलीचं मी बघते."

३० नोव्हेंबर
मठातल्या पाठशाळेत (म्हणून तर गाव मला स्वामी म्हणतं) आम्हाला संथा मिळायची, तशी निलम्माला देतोय. समोरासमोर बसायचं, मी एकदा, तिनं दोनदा. खड्या आवाजात सुरुवात केली — निलम्माबाईसाहेब उठून परसात! उमादेवी म्हणाली, "अवो, साऱ्या ताडकळस गावाला ऐकवायलाव का?" आवाज खाली आणला. तेराचा पाढा आला! गळ्याला टोचते म्हणून गळपट्टीही उमादेवीनं उसवून टाकली. आता गणवेशाला गळपट्टीच नाही. मास्तर काय म्हणतील ते म्हणोत.

५ डिसेंबर
विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद. एस.टी. नाही, बातमी पाठवायची कशी? शाळेत मोजकीच पोरं. निलम्माला आणायला गेलो नि दारातच थांबलो. ओरडायला कुणी नव्हतंच, म्हणून मास्तरांनी सहज विचारलं — "तेराचा येतो का गं?" तिनं म्हटला. शेवटपर्यंत! मास्तर खडू हातात घेऊनच दाराशी आले. मला म्हणाले, "कसं केलंत हो हे?" संथेचं सांगितलं.  नाव काढण्याचा विषय मात्र निघाला नाही.
पण बंद सुटेल, पोरं येतील, गलका येईल. बसवत नाही एका जागी.

७ डिसेंबर
सकाळी मास्तर दारात. बोटाला सात-आठ वर्षांची मुलगी, कानांवर घट्ट फडकं बांधलेली. त्यांच्या घरी इतकी वर्षं चहा प्यायलो, ही कधी दिसली नव्हती.
"माझी केशर. शाळेत घातलीच न्हाई आमी. हिला बी संथा द्या, स्वामी. सोमवारपासून दोघींना मीच नेतो. पाढे एकेकाचे घेईन."