आधी काम, मग चहा

सर, आज मी प्राचार्यांना नाही म्हणाले. तुमच्यासमोर जिच्या तोंडून शब्द फुटत नसे, ती मी त्यांच्या केबिनमध्ये उभी राहून म्हणाले, की जी मुलं कारखान्यात पाऊल टाकणार नाहीत त्यांच्या प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्रावर माझी सही होणार नाही. आता अशीच रीत पडली आहे: कुणाच्या तरी मेहुण्याचं वर्कशॉप गाठायचं, शिक्का मारून आणायचा आणि पोरांनी घरी झोपा काढायच्या. प्राचार्य माणूस वाईट नाही, पण वैतागले. "म्याडम, सगळीकडं असंच चालतंय. तुमीच का म्हून अडून बसलाव? नोकरी कंत्राटी हाय तुमची, ध्यानात असू द्या." ते माझ्या चांगलंच ध्यानात आहे. घर माझ्याच पगारावर चालतं. तरी सही होणार नाही.

बोलताना मला आपला साखर कारखाना आठवत होता. तुम्ही मला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी तिथं धाडलंत, आमच्या वर्गात मी एकटीच मुलगी. पहिल्या दिवशी मला साहेबांच्या केबिनमध्ये पंख्याखाली बसवलं. चहा आला, बिस्किटं आली, दुपारी पुन्हा चहा. आपल्याकडं आल्यागेल्याला कोरडं सोडत नाहीत, त्यात मी तुमची विद्यार्थिनी. संध्याकाळी मी खुशीत तुमच्या घरी येते. तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून शेंगा सोलताय. मला केवढा मान दिला ते मी रंगवून सांगतेय, आणि तुम्ही वर न बघताच विचारता, "पाव्हणी म्हणून गेलतीस का?" शेंगा सोलता सोलताच पुढं म्हणता, "उद्यापासून कामाला हात लावल्याबिगर चहा प्यायचा न्हाई. मंग कुनी का रागवंना." मला रडू येत होतं आणि तुमचा रागही. निघताना तुम्ही खुंटीवरचा तुमचा वर्कशॉपचा खाकी कोट माझ्या हातात दिलात. बाह्या दुमडूनही त्यातून माझी बोटं दिसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी कप परत केला तेव्हा तिथले फिटर काका दुखावले. "आमच्या हातचा चालत न्हाई का?" त्यांनी हळूच विचारलं, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चालतो काका, मी म्हणाले, पण आधी काम द्या. उघडून ठेवलेला रसाचा एक पंप दाखवून ते म्हणाले, "ह्याचं जुनं पॅकिंग उकरून काढ. नखं मोडतेल." दांड्याभोवती घट्ट ठासलेली ती दोरी काढताना खरंच मोडली. दुपारी त्यांनी आपल्या ग्लासातला अर्धा चहा बशीत ओतून माझ्यापुढं सरकवला. खुर्ची काही दिली नाही. आम्ही एका लोखंडी पाइपावर बसून तो प्यालो, आणि त्या दिवसापासून मला कुणी केबिनमध्ये बोलावलं नाही.

काल नांदूरघाटाकडच्या एका मुलीचे वडील आले होते. मेंढरं राखतात. "कागद घरबसल्या मिळतोय, मंग पोरीला कारखान्यात का म्हून धाडायची?" मी विचारलं, मेंढरं राखायला तुम्ही कागदावर शिकलात का? ते हसले. "ते बी खरं हाय. पन दिवस मावळायच्या आत पोरगी घरी पायजे." ती जबाबदारी मी घेतली. बसस्टँडवरून नेणं-आणणं मीच करीन.

उद्यापासून माझ्या वर्गातल्या मुली जायच्या आहेत, त्याच कारखान्यात. प्राचार्य शेवटी "बघतो" म्हणाले. त्यांना बघू दे, उद्या सकाळी मी मुलींना घेऊन निघणार. आज दुपारी मी सगळ्यांना समोर बसवून नियम सांगितला, की कामाला हात लावल्याशिवाय चहा प्यायचा नाही. त्या मेंढपाळाच्या मुलीनं विचारलं, "म्याडम, त्यांना लई वाईट वाटलं तर?" मी म्हणाले, वाटू दे, दुपारपर्यंत जाईल. तुमचा कोट मी तिलाच दिला. तिच्याही बाह्या दुमडाव्या लागल्या.

"ह्यो कोट कुनाचा हाय?" तिनं विचारलं. तुम्ही हे जग सोडून गेलात, हे पत्र धाडायला आता तुमचा पत्ता नाही, म्हणून इथंच सांगून टाकते. मी म्हणाले, माझाच आहे. तुमचं नाव घेतलं असतं, तर पोरींपुढं मला पुढचं बोलता आलं नसतं.