दोघांतल्या बऱ्याचं नाव

व्हिक्सबर्गचा धक्का,
१० मार्च १९९८

ती. व्हर्नेलमावशीस,
एमॉसचा सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. निदान कालचं टपाल येईपर्यंत होतो. मिसिसिपीला पाणी चढलंय. पंधरा मालवाहू बार्ज पुढे ढकलत आमची बोट गोगलगायीसारखी चाललीय आणि माझ्या स्वयंपाकघरातली भांडी दिवसभर आपसात भांडतायत. नवा कॅप्टन भेंडीला हात लावत नाही. असल्या माणसाच्या हाती बोट कशी देतात, देव जाणे.

काल पगाराचं पाकीट हाताला हलकं लागलं. धक्क्यावरून कंपनीला फोन केला. तिथल्या बाईने सांगितलं, की कोर्टाचा हुकूम आहे, मुलाच्या पोटगीची रक्कम दर पगारातून कापायची. मी विचारलं, कुणाच्या मुलाच्या? ती म्हणाली, तुमच्या. मी म्हटलं, बाई, मला मूल नाही. ती म्हणाली, आहे की, एझ्रा नाव आहे, चौदा महिन्यांचा आहे, आईचं नाव डार्नेला साइक्स. इतकं सांगून वर अभिनंदनही केलं. मागे रांगेत उभे असलेले दोघं खलाशी अजून मला पप्पा म्हणतायत.

डार्नेला तुला आठवत असेल. माशांच्या कारखान्यातली, खळखळून हसणारी. दोन वर्षांपूर्वी सहा आठवडे आम्ही बरोबर हिंडत होतो, मग तिनेच मला नारळ दिला. मी कॅलेंडर काढून हिशेब मांडला. ज्या एप्रिलचा प्रश्न आहे त्या एप्रिलमध्ये मी पाच दिवस सोडून सगळा महिना नदीवर होतो. त्या पाच दिवसांबद्दल मी तुला पत्रात काही लिहिणार नाही.

खरी गंमत पुढे आहे. कोर्टाची नोटीस गेल्या ऑगस्टात आपल्या हेलेनाच्या घरी, घरातल्या मोठ्या माणसाच्या हातात दिली म्हणे. तीस दिवसांत उत्तर गेलं नाही, म्हणून न्यायाधीशांनी एकतर्फी निकाल देऊन मला बाप करून टाकलं. मावशी, आपल्या घरात मोठं माणूस एकच आहे. तुला काही आठवतं का?

उत्तर आमच्या पुढच्या थांब्याला, केरोच्या पत्त्यावर धाड. तुझ्या खुलाशाची आणि मायेची वाट बघणारा,
एमॉस


हेलेना, आर्कान्सॉ,
१६ मार्च १९९८

चि. एमॉस यास,
मावशीचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बोटीवर ओल फार असते, छातीला तेल चोळत जा. इकडे सगळं ठीक. चर्चमध्ये दारावर उभं राहून लोकांना जागा दाखवणाऱ्या बायकांची मी यंदाही प्रमुख झाले. सिस्टर ओडेलने माझ्याविरुद्ध मत दिलं. मत गुप्त होतं, पण तिचा चेहरा गुप्त राहत नाही.

तू लिहिलेल्या नोटिशीबद्दल म्हणशील, तर ऑगस्टात उकाडा किती होता! उकाड्यात माणसाला काही आठवत नाही. दारावर कितीजण येतात. कुणी विमा विकतो, कुणी झाडू. एक टाय लावलेला माणूस आल्यासारखा वाटतो खरा, पण त्याने काय दिलं, मी काय घेतलं, हे छातीठोक कसं सांगू? माझं वय सदुसष्ट आहे.

आणि तू एवढा चिडतोस कशाला? मुलगा चांगला बाळसेदार आहे. हसला की डाव्या गालाला खळी पडते, अगदी माझ्या बहिणीसारखी, म्हणजे तुझ्या आईसारखी. कापलेल्या पैशाचं वाईट वाटून घेऊ नकोस. नाहीतरी तू ते बॅटन रूजला पत्त्यांत घालवले असतेस.

जेवत जा. दुसऱ्याला घालून स्वतः उपाशी राहतोस, ठाऊक आहे मला. माया आहेच, ती मागायची गरज नाही.
तुझी,
व्हर्नेलमावशी


केरो,
२५ मार्च १९९८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (नमस्कार या वेळी जरा लांबूनच.)

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा सिस्टर ओडेलसाठी, दुसऱ्यांदा उकाड्यासाठी. तिसऱ्यांदा त्या खळीपाशी अडखळलो. मला मूल आहे हे मला या महिन्यात कळलं. त्याच्या कोणत्या गालाला खळी पडते हे तुला कसं ठाऊक?

आमच्या इंजिनवाल्याने तुझं पत्र वाचून सांगितलं, की ही बाई साक्षीला उभी राहिली तर वकिलाला फी घ्यायची लाज वाटेल. मी हसलो, पण मावशी, मला नीट झोप नाही. मूल माझं असेल तर मी असा बाप आहे, की ज्याने पोराला एकदाही उचललं नाही. नसेल तर भलत्याच पोराला माझं नाव लावून ठेवलंय. दोन्हीकडून मीच खोटा.

हेलेनात फुकट सल्ला देणाऱ्या वकील बाई आहेत, मिस प्रुइट. मी त्यांना फोन केला. त्या म्हणाल्या, की निकाल लागला असला तरी रक्ताच्या नात्याची तपासणी मागता येते, फक्त नोटीस माझ्यापर्यंत का पोचली नाही ते कुणीतरी सांगायला हवं. तेव्हा सांग. तेल चोळलं आहे.

तुझा, अजून तरी तुझाच,
एमॉस


हेलेना,
३ एप्रिल १९९८

चि. एमॉस यास आशीर्वाद. राग आला तरी ते परत पाठवू नयेत.

सांगते. तो टायवाला आला तेव्हा मी शेंगा सोलत होते. त्याने विचारलं, एमॉस टॉलिव्हर इथेच राहतात का? मी हो म्हटलं. त्याने कागद दिला आणि गेला. मी चष्मा लावून वाचला. त्यात लिहिलं होतं, की एमॉस टॉलिव्हर याला मुलगा आहे. पुढे अजून दोन पानं होती, ती मी त्या दिवशी वाचलीच नाहीत.

तुझी आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. तुला वाढवताना लग्नाचं राहूनच गेलं, त्याचं मला काही नाही. पण तू एकोणचाळीस वर्षांचा झालास, वर्षातले आठ महिने पाण्यावर असतोस. मी मेल्यावर या घरात कोण राहणार, मुंग्या? दुसऱ्या दिवशी उरलेली पानं वाचली. तीस दिवसांत नाही म्हणायचं असेल तर म्हणा, असं होतं. मी तुला ओळखते. तू नाही म्हटलं असतंस. म्हणून मी कागद टोप्यांच्या खोक्यात ठेवला, ईस्टरच्या जांभळ्या टोपीखाली.

मग मी डार्नेलाच्या दारात केक घेऊन गेले. तिला म्हटलं, मी एमॉसची मावशी. ती पांढरीफटक पडली. मला वाटलं, लाजली. तेव्हापासून शनिवारी एझ्रा माझ्याकडे असतो. तो मला "वी" म्हणतो. त्याने माझ्या चष्म्याची एक काडी मोडली आहे. मी ती दुरुस्त केलेली नाही.

मी चुकले, हे मला ठाऊक आहे. पण तपासणी मागशील तर एकदा त्याला बघून माग, एवढं ऐक.

तुझ्या मायेवर हक्क सांगायला आज तोंड नाही. तरी सांगते.
व्हर्नेलमावशी


वेस्ट हेलेना,
२० एप्रिल १९९८

श्री. एमॉस टॉलिव्हर यांना,
डार्नेला साइक्सचा स. न. वि. वि.

पत्ता मिस व्हर्नेलकडून घेतला. पत्रं लिहायची मला सवय नाही, म्हणून जसं आलं तसं लिहिते.

एझ्रा झाला तेव्हा मला कारखान्यातून काढलं होतं. सरकारी मदत मागायला गेले. खिडकीतल्या बाईने सांगितलं, की बापाचं नाव लिहिल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी म्हटलं, मला खात्री नाही. ती म्हणाली, खात्रीचा रकाना नाही, नावाचा आहे. रकाना एकच होता आणि नावं दोन. दुसरा मेम्फिसला बायको-मुलांत असतो आणि माझा फोन उचलत नाही. तुम्ही एकदा रस्त्यात थांबून माझ्या गाडीचं चाक बदललं होतं, आणि हात पुसायला सुद्धा माझा रुमाल घेतला नव्हता. दोघांतल्या बऱ्याचं नाव लिहिलं.

मला वाटलं, तुम्हांला नोटीस जाईल, तुम्ही याल, ओरडाल, तपासणी होईल आणि काय ते एकदाचं कळेल. तुम्ही आला नाहीत. तुमची मावशी आली, केक घेऊन. मला वाटलं, तुम्हीच पाठवलं. मग मीही गप्प बसले, कारण त्यात सोय होती. ती माझी लबाडी.

तपासणी मागा. मी आडवी येणार नाही. मिस व्हर्नेलना मी हे अजून बोललेले नाही. तुम्ही बोला, मला जमणार नाही.

मनात कडू राहू नये, एवढीच विनंती.
डार्नेला साइक्स


हेलेना,
२४ जून १९९८

चि. एमॉस यास,
आशीर्वाद, वि. वि.

मेम्फिसला तू तपासणीसाठी गालाच्या आत कापूस फिरवून दिलास आणि पुन्हा नदीवर गेलास, ते बरं केलंस. काल कोर्टात तू असतास तर मला खोटं बोलायचा मोह झाला असता.

मी पांढरा गणवेश आणि हातमोजे घालून गेले. म्हटलं, फजिती व्हायचीच तर चर्चच्या कपड्यांत होऊ दे. मागच्या बाकावर सिस्टर ओडेल. तिची काही केस नव्हती, ती नुसतीच आली होती, पर्समध्ये शेंगदाणे घेऊन. मिस प्रुइटनी मला शपथ देववून विचारलं, की नोटीस कुणी घेतली. मी म्हटलं, मी. ती एमॉसला दिली का? नाही. का नाही दिली? मी म्हटलं, मला नातू हवा होता. सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून विचारलं, की बाई, तुम्ही केलंत ते किती गंभीर आहे याची कल्पना आहे का? मी म्हटलं, साहेब, कल्पना तेव्हाही होती. त्यांनी मला बराच वेळ झाडलं. मी खाली मान घालून ऐकलं. एवढ्या गोष्टी मला माझ्या वडिलांनीही कधी ऐकवल्या नव्हत्या.

मग बंद पाकीट उघडलं. तू बाप असण्याची शक्यता शून्य टक्के. मला वाटलं होतं, थोडी तरी असेल. एझ्रा त्या वेळी डार्नेलाच्या मांडीवर बसून तिच्या बांगडीशी खेळत होता. निकाल रद्द झाला, या महिन्यापासून तुझा पगार पूर्ण येईल. कापलेले पैसे मात्र परत नाहीत. आता मेम्फिसच्या माणसाला नोटीस जाणार आहे. ती नोटीस मिस प्रुइट त्याच्याच हातात देणार, असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं.

बाहेर पडताना डार्नेला माझ्याजवळून गेली. तिने मान वर केली नाही, मीही नाही. पोराने माझ्याकडे हात केले. तिने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मी घरी येऊन गणवेश धुतला, वाळला तसा पुन्हा धुतला.

ओडेलने रात्रीच्या जेवणाला तळलेला मासा आणून दिला, एक शब्द न बोलता. त्याने मला जास्त त्रास झाला. येत्या सुट्टीला तू घरी येशील ना? आलास तर काय बोलायचं ते बोल. मावशी ऐकेल.

तुझ्या रागालाही माझे आशीर्वाद.
व्हर्नेलमावशी


मेम्फिसच्या पुढे, बोटीवरून,
१९ जुलै १९९८

ती. मावशीस,
सा. न. वि. वि. (जवळून.)

दहा दिवस घरी होतो तरी जे बोलायचं ते बोललो नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेलच. पहिल्या संध्याकाळी तू भेंडी तळलीस आणि दुसऱ्या दिवशीही भेंडीच तळलीस, तेव्हा मला कळलं की तू घाबरली आहेस. तू घाबरलीस की मला रागावता येत नाही, ही माझी जुनी अडचण. पण एकदा लिहून टाकतो: तू जे केलंस ते पुन्हा कुणालाही करू नकोस. संपलं.

परवा निघताना तुला सांगितलं, की लिटल रॉकला कागदावर सही करून परस्पर बोटीवर जातो. जन्मदाखल्यावरून माझं नाव काढायला दोघांच्या सह्या हव्या होत्या. डार्नेलाकडे गाडी नव्हती म्हणून तीही माझ्याबरोबर होती, एवढं सांगायचं राहिलं. राहिलं नाही, मीच ठेवलं. आता आपण फिटंफाट.

वाटेत पहिला तासभर मी रस्ता बघत होतो आणि ती खिडकी. एझ्राला गाडी लागली आणि त्याने माझ्या चांगल्या शर्टावर सगळी न्याहारी काढली. डार्नेलाला आधी रडू फुटलं आणि मग हसू आलं. तिचं ते खळखळणारं हसणं. त्यानंतर बोलणं झालं. तिने दुसरीकडे काम धरलंय, पोल्ट्रीच्या कचेरीत.

खिडकीपाशी गर्दी होती. डार्नेलाला आठ पानं भरायची होती, तिचे दोन्ही हात त्यात. म्हणून पोरगा माझ्याकडे दिला. तो माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपला, तोंड उघडं, लाळ मानेवर. आमचा नंबर आला तेव्हा खिडकीतल्या बाईने कागद वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पोराकडे. तिने विचारलं, हे मूल तुमचं नाही असं आपण लिहून देताय ना? मी हो म्हटलं. तिने पुन्हा विचारलं, नक्की? मी म्हटलं, नक्की, जरा हळू बोला, आत्ताच झोप लागलीय.

सही डाव्या हाताने केली, उजवा त्याच्याखाली होता. वेडीवाकडी आली, पण चालली.

शनिवारी डार्नेलाची सकाळची पाळी आहे. एझ्राला कुठे ठेवायचं ते तिने मला विचारलं नाही. सातला घेऊन येते असं मिस व्हर्नेलना कळवा, एवढंच म्हणाली. तेव्हा कळवतो.

हाताला अजून मुंग्या येतायत.
तुझा,
एमॉस