आईंच्या खोलीची जमीन

प्रिय वन्सं,

तुम्ही पाठवलेली सुकी मासळी मिळाली. आईंनी पुडकं उघडायच्या आधीच नाकाशी धरलं आणि म्हणाल्या, "मोक्पोच्या बंदराचा वास येतोय. म्हणजे माझी लेक बरी आहे." तुमचा फोन येईल तेव्हा मी एवढंच सांगेन, कारण फोन आला की हे समोर येऊन बसतात. म्हणून हे पत्र. वाचून झालं की फाडून टाका.

इकडे जेचॉनला यंदा थंडी लवकर आली. अंगणातल्या किमचीच्या रांजणांवर सकाळी बर्फाचा पापुद्रा धरतो. तिकडे देगूला लेकीचे, सोदामचे दिवस भरत आले आहेत, पाय सुजलेत, पण डॉक्टर काळजीचं काही नाही म्हणतात. घरात तशी ऊब आहे. बॉयलरचं गरम पाणी जमिनीखालच्या पाइपांतून फिरू लागलं की आमच्या खोलीची जमीन इतकी तापते की हे रात्री पांघरूण लाथेनं बाजूला सारतात. फक्त आईंच्या खोलीची तापत नाही. गेल्या महिन्यात त्यांचं अंथरूण काढायला वाकले, तळवा टेकला, आणि झटकन उचलला. विहिरीच्या काठाला हात लागावा तशी गार. "आई, हे कधीपासून?" तर म्हणाल्या, "म्हाताऱ्या माणसाला सगळंच गार लागतं. जा, तुझा भात करपेल."

मी बॉयलर दुरुस्तीवाल्या प्योंना बोलावलं. तुम्ही ओळखता त्यांना, शाळेत तुमच्या मागच्या बाकावर बसायचे. ते म्हणाले, "वहिनी, पाइपात हवा अडकली असणार." हवा काढली. खोली तापली, आणि दोन दिवसांनी पुन्हा गार. मग म्हणाले, पाइपात गाळ बसला असेल. पंप लावून सगळं पाणी बदललं, गढूळ चहासारखं पाणी बाहेर आलं. पुन्हा तेच. ओट्याखालच्या कपाटात प्रत्येक खोलीच्या पाइपाचा एकेक व्हॉल्व्ह आहे ना, त्यातला आईंच्या खोलीचा जुना झाला म्हणून नवा बसवला. प्यो घरात असेपर्यंत जमीन छान तापायची. ते गेले की हळूहळू निवायची. शेवटी बिचारे डोकं खाजवत म्हणाले, "माझं काही चुकत असेल वहिनी, पण पाइप चांगले आहेत. कुठे गळत नाही, कुठे तुंबत नाही. आता जमीन फोडून बघणं एवढंच राहिलं."

जमीन फोडायचं नाव काढताच हे म्हणाले, "इतक्या धुळीत आईला कसं ठेवायचं? त्यापेक्षा तिला काही दिवस म्हाताऱ्यांच्या रुग्णालयात ठेवू. तिथं सगळीकडे ऊब असते." आई जेवत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. नुसतं म्हणाल्या, "माझी खोली मला चालते." ह्यांनी पुढे होऊन त्यांच्या वाटीत माशाचा काटे काढलेला तुकडा ठेवला. असा मुलगा पंचक्रोशीत नाही, असं लोक उगीच म्हणत नाहीत, असं तेव्हाही माझ्या मनात आलं.

मी विजेवर तापणारी गादी आणली. दुसऱ्या दिवशी ती गुंडाळून माळ्यावर गेलेली. "झोपेत आग लागली म्हणजे?" हे म्हणाले. मला पटलं. वन्सं, खरंच पटलं. बत्तीस वर्षांच्या संसारात ह्यांचं बोलणं मला कधी खोटं वाटलं नव्हतं.

मग मागच्या आठवड्यातल्या मंगळवारची दुपार. गावच्या सभागृहात बायकांबरोबर किमचीसाठी मुळे चिरायला निघाले होते. वाटेत लक्षात आलं, रबरी हातमोजे घरीच राहिले. मागच्या दारानं आले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर ज्यांनी जन्मात कधी पाण्याचा पेला स्वतः घेतला नाही, ते ओट्यापुढे गुडघे टेकून बसले होते. कपाट उघडं, हात आत. खांदा एकदाच वळला. मग दार अलगद लावलं, पुढची सोयासॉसची बरणी होती तिथं सरकवून ठेवली आणि आईंच्या खोलीत गेले. मी खिडकीशीच उभी. आतून आवाज आला, "आई, गार तर वाटत नाही ना? पाय आत घे." इतक्या मायेनं म्हणाले की मला वाटलं, पाहिलं ते मीच चुकीचं पाहिलं असेल. ते बाहेर पडल्यावर कपाट उघडलं. आईंचा व्हॉल्व्ह घट्ट बंद होता.

मी तो उघडला. संध्याकाळी तो बंद होता. मी पुन्हा उघडला. असं चाललं आमचं, त्याबद्दल एक शब्दही न काढता. शेजारी बसून जेवत होतो, सोदामच्या बाळाचं नाव काय ठेवायचं ते ठरवत होतो. रविवारी कपाट उघडलं तर व्हॉल्व्हची मूठच काढून नेलेली. नुसता खिळ्यासारखा दांडा. मी पकडीनं तो फिरवला. पकड दोनदा निसटली आणि बोटं सोलवटली. त्या रात्री जेवताना तुमचा भाऊ माझ्या बोटांकडे बघत राहिला. मग हसून म्हणाला, "कुठं लागलं ग?"

दुसऱ्या दिवशी आईंचे पाय चोळायला बसले आणि मला राहवेना. मी तोंड उघडायच्या आधी त्यांनीच माझं मनगट धरलं. "गुमरान, तू काय सांगणार ते मला ठाऊक आहे. ही भिंत पातळ आहे. तो कपाटाचं दार उघडतो ते मला ऐकू येतं." मी म्हणाले, "मग आई, बोलत का नाही?" तर म्हणाल्या, "तो वाट बघतोय, मी होऊन रुग्णालयात जाते म्हणेन. म्हणजे त्यानं पाठवलं असं कुणी म्हणायला नको. मी नाही म्हणणार. तिथं गेलेली माझी एकही मैत्रीण परत आली नाही. आणि मला कळलंय हे त्याला कळलं, तर तो या घरात मान वर करून कसा फिरेल? पोरगं आहे ते." साठीला आलेल्या माणसाला त्या पोरगं म्हणत होत्या, आणि दात वाजत होते. अंगावर दोन जाकिटं, त्यावर माझी शाल. आता खोकल्यानं छातीत घरघर वाजते. डॉक्टरकडे नेते म्हटलं, तर तुमचा भाऊ म्हणतो, थंडीत बाहेर कशाला काढायचं.

वन्सं, तो वाईट माणूस नाही हे मी अजूनही लिहिते, पण आता त्याच्यावर विश्वास ठेवू शकत नाही. सुरुवातीला त्याला फक्त आईंनी हो म्हणायला हवं होतं. आता काय हवंय ते मला माहीत नाही, आणि त्यालाही माहीत असेल असं वाटत नाही. त्याला आईंबद्दल जाब विचारावा एवढी माझी छाती नाही. तुम्ही मोठ्या आहात, तुमच्यापुढे तो लहानपणापासून मान खाली घालतो. सोदामचं सिझेरियन पुढच्या शुक्रवारी ठरलंय. पोरगी पहिल्यांदाच बाळंत होतेय, मला गुरुवारी सकाळच्या गाडीनं देगूला जावंच लागेल, आणि महिनाभर येता येणार नाही. तिकीट त्यानंच काढून आणलं. आज सकाळी जेवताना त्यानं हवामानाची बातमी मोठ्यानं वाचून दाखवली, त्याच शुक्रवारपासून कडाक्याची लाट येणार म्हणून. मग माझ्या वाटीत सूप ओतत म्हणाला, "तू निश्चिंत जा. आई आहे माझ्याजवळ." पुढच्या बुधवारी या, वन्सं. गाडी घेऊन या. आईची आठवण आली म्हणा, हिवाळाभर मोक्पोला नेते म्हणा, काहीही म्हणा, फक्त मी लिहिलं हे म्हणू नका. आई नको म्हणतील, तुम्हाला त्यांना उचलून गाडीत बसवावं लागेल. मी त्यांचं गाठोडं बांधून दाराआड ठेवलं आहे.

तुमचीच,
गुमरान