चार मिनिटांत आटोपलेल्या गाण्याबाबत

आणि वेंडेल, गाणं चार मिनिटांचं केलं की रेडिओवाले दारात रांग लावतील, असं तूच म्हणाला होतास ना? रांग लागेपर्यंत बसल्या बसल्या हे वाच.

मी, लायल प्रुइट, वय चोवीस, मूळ राहणार बर्लिंग्टन, व्हरमाँट, सध्या राहणार अलास्कातली खेकड्यांची बोट, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहितो. दडपण कुणाचं नाही, कप्तान सोडून. तो म्हणतो, जानेवारीत या समुद्रात जायचं तर कागद करून ठेव. माझं डोकं ठिकाणावर आहे. शाळा आठवीत सुटली, पण त्याचा डोक्याशी संबंध नाही.

कलम एक. बँडची व्हॅन माझ्या नावावर आहे, ती थोरला भाऊ वेंडेल याला. मागचं दार आतून उघडत नाही. त्याला हे ठाऊक नसणार, मागे नेहमी मीच बसायचो.

कलम दोन. माझी बेस गिटारही त्यालाच. अल्बममध्ये ती ऐकू येत नाही, निदान घरात दिसू दे.

कलम तीन. माझ्याकडच्या कार्यक्रमांच्या सगळ्या कॅसेटी ऑरिन टॅगर्टला. काठीला माइक बांधून, कार्यक्रम टेप करत हा माणूस गावोगावी आमच्या मागे फिरला. अट जुनीच: कोरी कॅसेट घेऊन येईल त्याला भरून द्यायची, पैसे घ्यायचे नाहीत. आमचा अल्बम मात्र त्याने दुकानातून विकत घेतला, दया म्हणून. ऐकून एवढंच म्हणाला, "छान आहे रे. आता गाणं कधी सुरू होतं?"

कलम चार, ज्यासाठी कागद खराब केला. स्टेजवर ते गाणं कधी संपायचंच नाही, पुढच्या गाण्यात शिरायचं. त्याला शेवटही लागतो, हे स्टुडिओत जाईपर्यंत आमच्या कुणाच्या डोक्यात आलं नाही. वेंडेलला वाटलं मी थांबेन, मला वाटलं तो थांबेल. एकमेकांकडे बघत वाजवत राहिलो, मग तो हसायला लागला, मग मी. शेवटी टेपच संपली. रेकॉर्डिंगवाला काचेमागून म्हणाला, "तुमच्यात कुणाला थांबता येतं का?"

वेंडेल म्हणाला, "थांबायचं काम याचं. मी थोरला आहे."

तसं आम्ही आधी कधी वाजवलं नव्हतं. नंतरचा प्रश्नच आला नाही, कारण दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी मला न विचारता चौथ्या मिनिटाला आवाज हळूहळू मिटवायला लावला आणि मी अलास्काची बस पकडली.

आता ऑरिन कळवतो की स्टुडिओवाला मार्चमध्ये ते रीळ पुसून त्यावर कुणाचं तरी नाताळचं गाणं भरणार आहे. टेप महाग असते. हवं असेल त्याने विकत न्यावं. यावर वेंडेल, तू म्हणालास म्हणे, अल्बम निघालाय, आता रीळ काय उशाला घ्यायचंय?

हो, घे. ते रीळ मी तुझ्याच नावे ठेवतो. अट एकच, अख्खं ऐकायचं. मध्ये उठायचं नाही.

सही: लायल प्रुइट
साक्षीदार: हॅल्वर निल्सन, कप्तान. फोमा लेकानॉफ, बोटीचा आचारी. वाचून हसला, तरी सही केली.
डच हार्बर, ९ जानेवारी १९९७

ता. क. मृत्युपत्र माणूस मेल्यावर लागू होतं, एवढं मलाही कळतं. पण मार्चच्या आत मरायला जमेलच असं नाही, म्हणून कलम चार आजपासूनच लागू. रिळाची किंमत मनिऑर्डरने पाठवतो आहे: एकशे साठ डॉलर.