आधी आपल्या विहिरीवर

आप्पा, आज रविवार. दौंडातलं दुकान दुपारपर्यंत उघडं ठेवलं. एका फोनची काच बदलली, दोन फोनच्या चार्जिंगच्या पिना बसवल्या, आणि कुरकुंभच्या कंपनीत कँटीनला असणाऱ्या मावशी फोन न देताच परत गेल्या. तुम्ही गेलात तेव्हा आपल्या शिरूरच्या गल्लीत साधा बटणाचा फोनही कोणाकडे नव्हता, म्हणून आधी थोडं सांगते.

आता फोन चालतो तो आतल्या सिस्टीमवर. काही वर्षांनी कंपनी जुन्या फोनला नवी सिस्टीम देणं बंद करते. मग फोन धडधाकट असूनही त्यावर एकेक ॲप उघडेनासं होतं. जगभरातल्या काही लोकांनी मिळून अशा फोनांसाठी वेगळी सिस्टीम केली आहे, फुकट. तिच्यासाठी मी मराठी शब्द लिहून पाठवते. कोणीतरी 'संयोजना' घातलं होतं, तिथे 'सेटिंग' केलं. काम एवढंसं, पण ती सिस्टीम आपल्याकडच्या माणसांच्या हातात दिसावी असं फार वाटतं. आजवर एकाही गिऱ्हाइकाने घेतलेली नाही.

मावशींचा फोन असाच अडलाय. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं, त्यात तुमची माहिती कोणाकडे जात नाही हेही सांगितलं.

"माझी माहिती नेऊन कोन काय करनार, ताई? कँटीनची आमटी शिकनार?" मग म्हणाल्या, "बँकेचं चालंल का?"

"चालायला पाहिजे."

"पाहिजे म्हंजी? लेकीच्या हॉस्टेलचं पैसं ह्याच्यावरनंच जात्यात." त्यांनी काउंटरवरचा माझा फोन उचलला. "ह्याच्यात हाय का ती तुमची शिस्टिम?"

मी नाही म्हणाले.

"मग बरं मलाच म्होरं घालताय!" रागावल्या नव्हत्या. पायरी उतरताना म्हणाल्या, "तुमच्यात चालली की सांगा, मी येते."

तेव्हापासून तुमची ती निळी मोटर डोळ्यांसमोर आहे. कोणाची विहिरीवरची मोटर जळून तुमच्या दुकानात भरायला, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळायला आली, की ती होईपर्यंत त्याला आपली बदली मोटर द्यायची, ही तुमची रीत. एका वर्षी बदलीसाठी तुम्ही कोणी नावही न ऐकलेल्या कंपनीची ही निळी मोटर आणलीत. पण ती दुकानात न ठेवता सरळ आपल्या विहिरीवर नेलीत. तुम्ही काठावर उकिडवे बसला आहात, मी कांद्याच्या वाफ्यात अनवाणी उभी आहे. मोटर घरघरते, बंद पडते. आई म्हणते, "चांगली चालती काढून ह्यो कुटाणा कशाला?" तुम्ही मान वर न करता म्हणता, "आपला कांदा वाळला तर खोट कळंल. लोकाचा वाळला तर नुसत्या शिव्या कळतील."

तो सगळा हंगाम तुम्ही ती खोलत, जोडत राहिलात. मगच ती दुसऱ्यांच्या विहिरींवर गेली. आठवडाभर वापरून झाल्यावर काहीजण स्वतःची भरलेली मोटर न्यायला यायचे आणि म्हणायचे, "आप्पा, हीच ऱ्हाऊ द्या की." तुम्ही त्या मोटरची तारीफ केलेली मला आठवत नाही.

दुकानात दोन जुने फोन पडून आहेत. त्यांत ती सिस्टीम घालून बदली फोन म्हणून द्यायचे ठरवते आहे. ज्याचा फोन दुरुस्तीला राहील, त्याने तोवर हा न्यावा. काय अडतं ते तोच येऊन सांगेल, मी ते सिस्टीम करणाऱ्यांना कळवेन. पाचातल्या एकाने जरी ठेवून घेतला तरी सुरुवात झाली. एका बँकेचं ॲप चालत नाही एवढं मला माहीत आहे. मावशींचं चालेल का, ते बघूनच कळेल.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मी स्वतःच्या फोनला हात लावला नाही, कारण मला भीती वाटत होती. अजूनही वाटते.

फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतले आहेत. शटर अर्धं ओढलं, माझ्या फोनला केबल लावून ती सिस्टीम घालायला घेतली, आणि पडद्यावरची पट्टी भरेपर्यंत स्टुलावर बसून डबा उघडला.