बेमुदत संपातला माझा वाटा

३ ऑगस्ट
उद्यापासून बेमुदत संप. जुनी पेन्शन, थकलेले फरक, आणि कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करण्याचं कारस्थान थांबवणं. तिन्ही मागण्या रास्त. तिसरी तर मीच सुचवणार होतो, पण मल्लिनाथ सरांनी आधीच पत्रकात छापून टाकली. जिल्हाध्यक्ष असले की सगळं आधी सुचतं.
आजपासून रोज लिहायचं. पुढे संघटनेचा इतिहास लिहिताना लोक कागद शोधत बसतात. आणि सप्टेंबरात नवी कार्यकारिणी आहे. उपाध्यक्षपदाच्या खाली काहीही स्वीकारायचं नाही.

४ ऑगस्ट, सकाळी
वस्तीवर जाऊन शाळेला कुलूप लावलं. पहिली ते चौथी, मुलं बावीस, शिक्षक दोन. मी आणि विजयमाला बाई. बाई संपात आहेत, पण जीव संपात नाही. म्हणाल्या, सर, पट वीसच्या खाली गेला तर आपलीच शाळा बंदच्या यादीत जाईल, घरोघरी जाऊन पालकांना चार शब्द सांगून येऊ. मी म्हटलं, मुलं जातील कुठं? चारी बाजूंनी माळ आणि मेंढरं. सरकार असल्याच घाबरटांच्या जिवावर टिकून आहे.
कुलूप लावतानाचा फोटो काढायला कुणी नव्हतं. सेल्फीत कुलूप आलं नाही.

६ ऑगस्ट
जिल्हा परिषदेच्या पूनम गेटसमोर धरणं. नवीन जाकीट घातलं. मल्लिनाथ सर दीड तास बोलले. माईक हातातून सुटेना. मी पाच मुद्दे लिहून नेले होते, ते खिशात घामानं भिजले.

७ ऑगस्ट
पेपरात फोटो. बॅनरच्या डाव्या कडेला जो कोपर दिसतो तो माझा. मथुराला दाखवला. ती म्हणाली, कशावरून? स्वतःची बायको अशी, तर शासनाकडून काय अपेक्षा ठेवायची.

९ ऑगस्ट
साखळी उपोषण. माझी पाळी अकरा ते पाच. मथुरा म्हणाली, घरून खाऊन जाणार आणि चहाला परत येणार, तर उपोषण नेमकं कधी आहे? चळवळीची जाण नसलेलं माहेर.
दोन वाजता थोड्या शेंगा खाल्ल्या. शेंगा उपासाला चालतात. मल्लिनाथ सरांनी सर्वांदेखत सुनावलं की उपास वेगळा आणि उपोषण वेगळं. स्वतः मात्र दर अर्ध्या तासानं गाडीत जाऊन बसत होते आणि ओठ पुसत येत होते.
यापुढे शेंगा घरूनच खाऊन जायच्या.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनापुरता संप स्थगित. माझ्या दृष्टीनं आजचा दिवस या संपातला सर्वांत यशस्वी.
वस्तीवरचे सगळे पालक आले होते. झेंडा झाल्यावर भाषण केलं. ‘सरकारी शाळा वाचवा, ती तुमची आहे.’ दहा मिनिटं ठरवलं होतं, चाळीस झाली. दोन म्हातारे झोपले, पण ते एरवीही झोपतात. शेवटी म्हटलं, शंका असतील तर विचारा.
अंबुबाई उठल्या. तिसरीतल्या ऋतुजाची आजी. मुलगा-सून चिंचोळीला कंपनीत, नात हिच्याजवळ, शिवाय शेरडं. म्हातारी म्हणाली, गुरुजी, तुमची पोरगी कुटल्या साळंत जाती?
दुसरा शिक्षक असता तर तोंड लपवलं असतं. मी स्पष्ट सांगितलं की सृष्टी इंग्लिश मीडियमला आहे, विजापूर रोडला, आणि तो आमचा घरगुती निर्णय आहे, धोरणाशी त्याचा संबंध नाही. मग म्हातारीनं विचारलं, तितं काय काय शिकिवतेत. तेही सांगितलं. कॉम्प्युटर, शिस्त, बूट-मोजे, पिवळी बस. आणि तिथं संप नसतो, हेही प्रामाणिकपणे सांगितलं. बायका पुढे सरकून ऐकायला लागल्या. झोपलेल्यांपैकी एक म्हातारा जागा झाला. बस कुटवर येती, असं कुणीतरी विचारलं. मला रूट ठाऊक नव्हता म्हणून शाळेच्या ऑफिसचा नंबर दिला. माणसं अशीच जोडावी लागतात.
विजयमाला बाई चॉकलेट वाटता वाटता थांबून माझ्याकडे बघत राहिल्या. हेवा वाटणं साहजिक आहे.

२१ ऑगस्ट
आंदोलनाच्या धामधुमीत घरची कटकट. सृष्टीची बस अर्धा तास लवकर येऊ लागली. म्हणे नवा रूट धरलाय, कुठल्या तरी वस्त्यांवरून मुलं उचलतात. शाळेच्या ग्रुपवर सणसणीत मेसेज टाकला की कुणाच्या तरी पोरांपायी आमच्या मुलांची झोपमोड का? सोळा पालकांनी अंगठा दिला. संपाच्या माझ्या पोस्टला तीन अंगठे होते, त्यातला एक माझा.

२६ ऑगस्ट, संध्याकाळी
विजय! शासन समिती नेमणार आहे. समिती अहवाल देणार आहे. अहवालावर विचार होणार आहे. गुलाल उधळला. संपाचे दिवस रजेत धरणार आहेत, पण गुलालात तो विषय कुणी काढला नाही.

२८ ऑगस्ट
शाळा उघडली. मुलं सात. बाजाराचा दिवस असावा.

२९ ऑगस्ट
सातच. आज बाजार नाही, चौकशी केली. मांडलेली बसकरं विजयमाला बाईंनी गुंडाळून कोपऱ्यात ठेवली, सात तेवढी राहू दिली.

३० ऑगस्ट
अंबुबाईंकडे गेलो. जाब विचारायलाच. ऋतुजा घरी नव्हती. दोरीवर निळा युनिफॉर्म वाळत होता आणि खालच्या खुंट्याला एकच शेरडू होतं, पूर्वी तीन असायची.
मी म्हटलं, मी एवढं घसा फोडून सांगितलं त्याचं हेच फळ? म्हातारी गोंधळली. म्हणाली, तुमचंच ऐकलं की गुरुजी. मास्तर सोताच्या लेकराला वंगाळ साळंत कशाला घालंल? तुमी जितं घातलं तितंच आमीबी घातलं. वस्तीवरच्या लई जनांनी घातलं. वर हात जोडून म्हणाली, तुमी नंबर दिला म्हनून तर जमलं, न्हायतर आमाला कोन सांगतंय?
मग चहा केला. अडाणी माणसं. भाषणातला नेमका मुद्दा सोडून भलतंच धरतात. चहा मात्र अर्धाच ठेवला. साखर जास्त होती.

१४ सप्टेंबर
कार्यकारिणी जाहीर. मी तालुका सह-प्रसिद्धीप्रमुख. पद छोटं की मोठं हे काम ठरवतं. प्रसिद्धीप्रमुख मल्लिनाथ सरांचा भाचा आहे.

२४ सप्टेंबर
आमच्या शाळेचं समायोजन होणार. म्हणजे बंद. सात मुलं अडीच किलोमीटरवरच्या गावात जातील. विजयमाला बाईंनी त्यांना नवा रस्ता दाखवायला स्वतः पायी नेऊन आणलं. मला म्हणाल्या, सर, निवेदन तरी लिहा. दोन पानी कडक निवेदन लिहिलं. शेवटी ‘पालकांच्या उदासीनतेमुळे’ असं कारण टाकलं. बाईंनी वाचून सही न करता परत दिलं.

१ ऑक्टोबर
नवीन शाळा घरापासून जवळ. पेट्रोल वाचेल. एका अर्थी संपाचा व्यक्तिगत फायदाच म्हणायचा.
रात्री जेवताना सृष्टी म्हणाली, बसमध्ये एक ऋतुजा आहे, ती पप्पांना ओळखते. तिसरीतून काढून तिला पहिलीत बसवलंय, कारण इंग्लिश येत नाही. बेंचमध्ये गुडघे मावत नाहीत. वर्गात एक शब्द बोलत नाही, पण बसमध्ये सगळ्या वस्तीच्या मुलांना सांगते की घाबरू नका, आपण इथं थोडेच दिवस आहोत, संप मिटला की गुरुजी आपल्याला न्यायला येणार.
मथुरा भाजी वाढता वाढता थांबली. सृष्टीनं विचारलं, पप्पा, संप अजून मिटला नाही का?
मी म्हटलं, चर्चा चालू आहे.