योतेईच्या उतारावर

साप्पोरो, जपान
७ एप्रिल

ती. क्षमाताईस,
संघप्रियाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

पत्रं लिहायची तुझी अट मान्य. फोनवर आपण तिसऱ्या वाक्याला भांडतो अन् तू फोन ठेवून देतेस. कागदावर निदान शेवटपर्यंत ऐकून घेशील.

वृद्धाश्रमातलं माझं काम बरं चाललंय. बातमी अशी, की महिनाअखेरीस मी ज्वालामुखीवर चाललेय. घाबरू नको. योतेई कित्येक पिढ्यांपासून शांत आहे, त्याच्या तोंडातसुद्धा बर्फच साठलाय. पायाला स्कीच्या लांब पट्ट्या बांधून चढायचं. पट्ट्यांखाली केसाळ कापड चिकटवतात, त्यानं पाय पुढं सरकतो, मागं घसरत न्हाय. वर पोचलं की कापड सोलून काढायचं आणि घसरत खाली. रात्री कडक झालेला बर्फ वसंतातल्या उन्हानं वरून मऊ पडतो, तेव्हाच उतरायचं. तिथं वर न्यायला तारेवरचा पाळणा न्हाय, चहाची टपरी न्हाय. दोन हिवाळे शिकले तेव्हा कुठं हे लोक मला न्यायला तयार झालेत.

सोबत हारुका आणि तिचा भाऊ केंता. हारुका माझ्याबरोबरच कामाला आहे. बर्फावर उभं राहायला तिनंच शिकवलं, तिचे जुने बूटही मला दिले. खरं सांगू, इथं ती मला सख्ख्या बहिणीसारखी आहे.

आईची तब्येत कळव. माझ्यावर रागावलीस तरी माया पातळ करू नको.

तुझी,
संघप्रिया

उमरगा
१८ एप्रिल

चि. संघप्रियास,
अ. आ. आणि जय भीम.

तुझं पत्र आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. सख्ख्या बहिणीचं वाक्य तेवढं गाळलं. आईला वाईट वाटेल म्हणून नव्हे, माझ्या तोंडातून ते निघेना.

इथं ऊन असं, की दुपारी हायवेवरचं डांबर चपलेला चिकटतं. दवाखान्यात रोज चक्कर आलेले ट्रक ड्रायव्हर, सलाईन लावून लावून माझी बोटं दुखतात. आणि आई गल्लीभर सांगत फिरते, की माझी लेक आगीच्या डोंगरावर चढणार. परवा गिरिजाबाई इंजेक्शन घ्यायला आल्या. तुझं कौतुक करून झाल्यावर मला न ओळखता मलाच विचारतात, भिमाबाईंची दुसरी मुलगी काय करते? तेव्हा सुई माझ्याच हातात होती, संघे. जरा जोरातच टोचली.

व्हय, मी जळते. बर्फावर न्हाय जळत, बर्फाला काय करायचंय! नळदुर्गच्या किल्ल्यात तटावर चढायला तू रडायचीस, तुला मी पुढं ढकलत न्यायचे. आता कुणीतरी बाई तुला उभं राहायला शिकवते, आणि तू मला ते आनंदानं लिहून कळवतेस.

पुढं कोण चालणार, मागं कोण, तू पडलीस तर उचलणार कोण, एवढं कळव. आई बरी आहे. तिचा बीपी मी बघते, तुझी हारुका न्हाय बघत.

जपून जा. वर पोचलीस तर मला आनंद होईल, पण लगेच न्हाय, थोड्या वेळानं. माझा जीव तुझ्यातच आहे, हे वेगळं लिहायला लावू नको.

क्षमाताई

साप्पोरो
५ मे

ती. ताईस, सप्रेम जय भीम. वि. वि.

अक्षर वाकडं आहे, पडून लिहितेय. आईला वाचून दाखवू नको.

आम्ही वर पोचलो, ताई. पहाटे निघून ज्वालामुखीच्या काठावर उभे राहिलो, आत डोकावलो. खाली ढग आणि त्यापलीकडं समुद्र. उतरताना मात्र चुकलं. सावलीतला एक पट्टा मऊ झालाच नव्हता, काचेसारखा होता. माझी डावी पट्टी अडकली, गुडघा पिळला गेला आणि मी खाली घसरत सुटले. पुढं घळ होती. हारुका खालच्या बाजूला होती, ती सरळ माझ्या वाटेत येऊन आडवी झाली. आम्ही दोघी एकमेकींवर आदळून थांबलो. मग तिनं आणि केंतानं मला दोरानं बांधून ओढत खाली आणलं.

तू विचारलं होतंस, उचलणार कोण. तिनं उचललं.

गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. हारुकानं मला तिच्या घरी आणलंय, जेवू घालते, आंघोळ घालते. तू यायची धडपड करू नको. आईजवळ कुणीतरी हवं, आणि इथं हारुका आहेच.

राग आला असेल तर निम्मा ठेव, निम्मा सोडून दे.

तुझी,
संघप्रिया

उमरगा
१६ मे

चि. संघप्रियास, अ. आ.

आईला सगळं वाचून दाखवलं. ह्या वेळी एकही वाक्य गाळलं न्हाय. ती रडली, मग मला म्हणाली, की तू अजून इथं बसून काय करतेस?

जिल्ह्यातल्या अर्ध्या लोकांची मलमपट्टी मी करते आणि माझ्या बहिणीला आंघोळ दुसरीनं घालायची, हे मला सहन होत न्हाय. पासपोर्ट मागच्या वर्षीच काढलाय. कुणाला बोलले नव्हते. आईसोबत राहायला शेजारच्या धुरपदाबाई यायच्यात.

येऊ नको म्हणालीस, म्हणूनच येते. लोभाचं तिथं आल्यावर बघू.

क्षमाताई

साप्पोरो
१४ जून

ती. आईस,
सविनय जय भीम. वि. वि.

सुखरूप पोचले. संघा बारीक झालीय, पण काठी घेऊन चालते.

हारुकाच्या दारात पोचले तेव्हा संघा काठी टाकून ताई, ताई म्हणत माझ्या गळ्यात पडली. हारुका मागं उभी होती. तिचा चेहरा एकदम उतरला. चहा घेताना तिनं संघाला जपानीत हळूच काहीतरी विचारलं. मी फार खोदल्यावर संघानं सांगितलं.

त्या दिवशी डोंगरावरून ओढत आणताना संघा सारखा एकच शब्द ओरडत होती, ताई. जपानीत इताई म्हणजे दुखतंय. हारुकाला वाटलं, ही तेच म्हणतेय. दर वेळी ती थांबायची आणि कुठं दुखतंय म्हणून विचारायची. संघा पुन्हा तेच ओरडायची. तिच्यासाठी त्या बाईनं जीव धोक्यात घातला होता, आणि ही हाका मला मारत होती. हे तिला मी आले तेव्हा दारात कळलं.

तिचा तसा चेहरा मी ओळखला, आई. उमरग्यात एप्रिलभर आरशात तोच बघत होते.

संध्याकाळी संघाला न्हाऊ घालायला घेतलं. हारुका टॉवेल धरून दाराबाहेरच घुटमळत होती, आत येईना. मी तिला हात धरून आत आणलं आणि पाण्याचा मग तिच्या हातात दिला. मग ती पाणी ओतत होती, मी डोकं चोळत होते आणि तुझी धाकटी मधे बसून दोघींवर खेकसत होती.

शाम्पू मात्र मीच लावला. तिला लावू दिला न्हाय.

गोळ्या वेळेवर घे. दोघी लेकींवर माया सारखीच असू दे, पण मी परत येईस्तोवर माझ्यावर थोडी जास्त.

तुझी,
क्षमा